सात नंबरचा बिल्ला

माझा नवरा रंगाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं सुरक्षा अधिकारी होता. तो निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं असतं, बॅग दिली असती, अगदी फुलदाणी दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी काय दिलं, तर भंगारात निघालेला बिल्ल्यांचा जुना बोर्ड, धुऊनपुसून, वर रिबीन बांधून. देणाऱ्यांचं काय जातंय? तो बोर्ड आमच्या दाराशेजारी टांगला गेला आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

बोर्डावर बारा हुक, प्रत्येक हुकाखाली नंबर, आणि प्रत्येक हुकाला बिस्किटाएवढा पितळी बिल्ला. कारखान्यात रंगाच्या टाक्या साफ करायला माणसं आत उतरत. उतरणाऱ्याने आपला बिल्ला खिशात घालून उतरायचं, वर आलं की परत अडकवायचा. हुक रिकामा म्हणजे माणूस आत. बाराच्या बारा हुक भरले की मगच टाकीचं झाकण बंद करायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ज्याचा बिल्ला त्यानेच आपल्या हाताने अडकवायचा. दुसऱ्याने, मग तो मालक का असेना, हात लावायचा नाही. हा नियम मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकला होता की मला झोपेतही म्हणून दाखवता आला असता.

निवृत्तीनंतरचे आठ दिवस कुणाला वाचवू, कुणाला वाचवू करत तो घरभर फिरला. घरात माणसं तीन. एक त्याची आई, वय वर्षं ब्याऐंशी, खिडकीजवळची खुर्ची सोडत नाही. दुसरा तो स्वतः. राहता राहिले मी, आणि मी रोज सकाळी पळायला जाते.

"एकटी?" त्याने विचारलं. चार वर्षं तो सकाळच्या पाळीला निघून गेल्यावर मी पळायला जात होते, त्यामुळे त्याला हे नवीन होतं.

"मग काय, वाजतगाजत जाऊ?" मी म्हटलं.

तो हसला नाही. सोमवारी सकाळी बूट घालायला बसले तर समोर कागद. वर छापलेलं, 'एकट्याने धावण्याचे परमिट', खाली कार्बन लावून दुसरी प्रत. धोके डाव्या बाजूला, उपाय उजव्या बाजूला. मोकाट कुत्री. ओला पालापाचोळा. गटाराचं उघडं झाकण. वळणावरची मोटार. अनोळखी इसम. ओळखीचा इसम.

"ओळखीचा कशाला?"

"तो थांबवून बोलत बसतो. वेळ लांबतो. इकडे माणसं काळजीत."

यात तथ्य होतं, पण मी ते कबूल केलं नाही. उपाय असे की कानात गाणी लावायची नाहीत, भडक रंगाचं जाकीट घालायचं, गळ्यात शिट्टी, खिशात फोन, रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली. मार्ग त्याने शिसपेन्सिलीने काढला होता. घर, इस्त्रीचं दुकान, दूधकेंद्र, शाळेची लांब भिंत, कालव्याचा रस्ता आणि परत. अंतर पाच किलोमीटर. वेळ चाळीस मिनिटं. आणि माझा बिल्ला सात नंबरचा.

परमिट देणारा आणि पहारा करणारा एकच माणूस असून चालत नाही म्हणे. म्हणून पहाऱ्यावर सासूबाईंची नेमणूक झाली. ब्याऐंशी वर्षांत त्यांना पहिल्यांदाच हुद्दा मिळाला होता. त्यांनी पिवळं हेल्मेट चढवलं, रजिस्टर मांडीवर घेतलं, आणि घरातल्या माणसाशी बोलायचं सोडून हुद्द्याच्या आवाजात बोलायला लागल्या.

"चक्कर, मळमळ?"

"नाही, आई."

"झोप?"

"झाली."

"कुणाशी भांडण?"

"अजून नाही."

"लिही रे," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "अजून नाही."

दोन दिवस मी आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने सही केली. लोकांना वाटलं, बाई शहाणी झाली. पण मी त्या कागदाला पडलेलं भोक पाहिलं होतं. मी कुठे जाते, किती वेळ जाते, काय घालून जाते, सगळं त्यात होतं. मी पळते का, हे कुठेच विचारलेलं नव्हतं.

आता खरं सांगून टाकते. मी पळत नाही. म्हणजे शाळेच्या भिंतीपर्यंत पळते, सातआठ मिनिटं. मग भिंतीला लागून एक बोळ आहे, त्यात वळते. बोळाच्या टोकाला बंद पडलेला वजनकाटा आहे. पूर्वी तिथे भरलेले ट्रक तोलायचे. आता जमिनीत ती मोठी लोखंडी पाटी तेवढी उरली आहे, आणि शेजारी एक केबिन. केबिनच्या पायरीवर मी बसते. पंचवीस मिनिटं बसते आणि मग पळत घरी येते, कपाळाला पाणी लावून.

काय करते तिथे, तर काही करत नाही. माझं काम दात बनवण्याचं. दवाखान्यामागच्या खोलीत आम्ही चौघी एका टेबलाला बसतो, दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोर, आणि चौघींची तोंडं सुरू. घरी आले की सासूबाई, "ऐकलंस का?" आणि आता निवृत्त नवरा, "एक मिनिट जरा." चोपन्न वर्षांच्या आयुष्यात ती पायरी ही एकच जागा अशी होती, जिथे कुणी मला ऐकलंस का म्हणत नव्हतं. ती गेली असती तर मी वेडी झाले असते. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

असे चार महिने गेले. मग एका गुरुवारी मी वेळेत परतले. अडतीस मिनिटं. बोर्डासमोर उभी राहिले, खिशात हात घातला, आणि खिशात काही नव्हतं. दुसऱ्या खिशात फोन. जाकिटात काही नाही. बिल्ला कुठे आहे ते मला त्याच क्षणी आठवलं. पायरीवर बसताना तो मांडीला टोचत होता, म्हणून काढला, आणि समोर केबिनच्या खिडकीशेजारी एक खिळा होता. चार महिन्यांची सवय. खिळा दिसला आणि हाताने बिल्ला अडकवला.

"बिल्ला पडला वाटतं," मी म्हटलं. "असू दे, मी आले."

सासूबाईंनी बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग रजिस्टरकडे.

"नाही आली," त्या म्हणाल्या.

"आई, मी समोर उभी आहे."

"अगं, तू आहेस. पण सात नंबर आत आहे."

नवरा स्वयंपाकघराच्या दारातून आला. हातात रिकामं पातेलं. "दोन मिनिटं उरलीत," तो घड्याळ बघत म्हणाला. "कुठे पडला असेल?"

"अहो, तुम्हाला मी दिसतेय ना?"

"दिसतेस."

"मग?"

"दिसण्यावर मी झाकण बंद करत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पाहून मी पुढचं टोमण्याचं वाक्य गिळलं. तो पांढराफटक पडला होता. बायको पुढ्यात उभी, आणि हा माणूस ती हरवली म्हणून घाबरलेला. मला राग यावा की हसू, ते कळेना.

चाळीस मिनिटं पूर्ण झाली. सासूबाईंनी तीन लांब शिट्ट्या फुंकल्या. त्यांच्या फुप्फुसात एवढा दम असेल असं डॉक्टरांनाही वाटलं नसतं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन आणि समोरच्या इस्त्रीच्या दुकानातल्या बाई धावत वर आल्या. गेल्या महिन्यात त्या दोघांची रंगीत तालीम झाली होती, त्यामुळे कुणी फालतू प्रश्न विचारले नाहीत.

नवऱ्याने वर्णन वाचून दाखवलं. "स्त्री. वय चोपन्न. उंची पाच फूट दोन. भगवं जाकीट. डाव्या गुडघ्यावर जुना व्रण. स्वभाव तापट."

"तापट कुठे?" मी म्हटलं.

"तापटच," इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात कॉलरवरून मला काय बोलल्या त्या! पण मनाच्या चांगल्या आहेत हो. बिचाऱ्या." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला.

"मिळतील, मिळतील," पोस्टमन मला म्हणाले. "पत्ता असलेली वस्तू हरवत नाही. आमच्या खात्यात तरी नाही."

मग विभाग पाडले. शोध जोडीनेच घ्यायचा, एकट्याने कुणी जायचं नाही, हा नियम. पोस्टमन आणि इस्त्रीवाल्या बाईंना कालव्याचा रस्ता. सासूबाई खुर्चीत, मुख्यालय सांभाळायला.

"शाळेचा भाग मी बघते," मी पटकन म्हटलं.

"एकटी?"

"मला रस्ता पाठ आहे."

"तुझ्याकडे परमिट नाही," नवरा म्हणाला. "तुझं परमिट तिच्याकडे आहे."

ती म्हणजे मी. मी वाद घातला नाही, कारण मला आता एकच सुचत होतं. त्याच्याआधी वजनकाट्यापाशी पोचायचं, बिल्ला काढायचा, आणि तो भिंतीजवळच्या गवतात सापडला असं म्हणायचं. तसं झालं तर पायरी माझी राहिली असती. म्हणून जिन्यातून खाली उतरले आणि धूम ठोकली.

चार वर्षांत मी पहिल्यांदाच खरीखुरी पळाले. इस्त्रीचं दुकान गेलं, दूधकेंद्र गेलं. मागून नवरा शिट्टी वाजवत येत होता. दूधकेंद्राच्या रांगेतली माणसं वळून बघत होती, एक बाई जिवाच्या आकांताने पळतेय आणि मागे एक माणूस शिट्टी वाजवतोय. खिशातला फोन वाजला. सासूबाई होत्या.

"खबर आली आहे," त्या हुद्द्याच्या आवाजात म्हणाल्या. "दूधकेंद्रासमोर भगव्या जाकिटातली बाई पळताना दिसली. कुणीतरी तिच्या मागे लागलंय. तुम्ही दोघं जपून राहा."

"आई, ती मीच."

"ते मी लिहून घेतलंय. तू शोध चालू ठेव."

शाळेच्या भिंतीपाशी मी मागे पाहिलं. नवरा भिंतीला हात टेकून वाकला होता. साठ वर्षांचा, पायात घरातल्या चपला. शिट्टी तोंडातच होती आणि प्रत्येक श्वासाला ती बारीक वाजत होती. मी पुढे पळाले असते. बोळ दहा पावलांवर होता. पण त्या शिट्टीचा आवाज ऐकून माझा पाय उचलेना. तो तिथूनच घरी परत फिरला असता तर गोष्ट वेगळी. तो मलाच शोधत होता हो. माझ्याच मागे धावून त्याचा जीव जात होता, आणि मी त्याच्यापासून पळत होते.

मी मागे आले. त्याच्या तोंडातून शिट्टी काढली. "चला," म्हटलं, "दाखवते."

आम्ही बोळात वळलो. लोखंडी पाटीवर पाय पडला तशी ती नेहमीसारखी कुरकुरली. बिल्ला खिळ्यावर होता. सकाळच्या उन्हात चांगला चमकत होता. नवरा जवळ गेला. हात लावला नाही. वाकून बघितलं.

"पडलेला नाही," तो म्हणाला. "अडकवलेला आहे. नंबर पुढच्या बाजूला करून."

"सवयीने," मी म्हटलं. "खिळा दिसला, हात गेला."

"रोज इथे येतेस?"

"रोज."

"पाच किलोमीटर?"

"दीड. कुणी पाठलाग केला तर पावणेदोन."

मला वाटलं, आता नियम सुरू होतील. त्याने खरंच पाहणी सुरू केली. केबिनच्या फुटक्या काचा बोटाने तपासल्या. पायरीखाली वाकून पाहिलं. कठडा हलवून बघितला. फोन वर धरून नेटवर्क बघितलं. "येतं," असं स्वतःशीच पुटपुटला. मग पायरीवर बसला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"काय करतेस इथे?"

"काही नाही."

"पंचवीस मिनिटं?"

"हो. तुमच्यापासून लांब असते," मी म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर मला वाईट वाटलं. "सगळ्यांपासूनच. तुमच्यावर राग नाही. पण कुणी हाक मारू नये असं वाटतं, तेवढा वेळ तरी."

त्याने खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच नंबरच्या टाकीची गोष्ट तुला माहीत आहे."

माहीत होती. सगळ्या वसाहतीला माहीत होती. एक वेल्डर टाकीत राहिला, कुणीतरी त्याचा बिल्ला अडकवला, आणि झाकण बंद झालं.

"कुणीतरी नाही," नवरा म्हणाला. "मी. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. पाळी संपली, एक हुक रिकामा. तो वेल्डर मुलखाचा विसरभोळा, बिल्ला कधी न्यायचाच नाही, जेवणाच्या डब्यापाशी टाकून टाकीत उतरायचा. त्या दिवशीही बिल्ला तिथेच पडलेला होता. सगळे म्हणाले, अहो, तो मघाच फाटकाबाहेर गेला, आम्ही बघितला. मी बिल्ला उचलला आणि अडकवला. चांगल्या मनाने गं. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"दोन तासांनी पहारेकऱ्याला ठोकल्याचा आवाज आला. पान्याने ठोकत होता आतून. जगला. पुढे वीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवला. बिल्ला कुणी अडकवला ते त्याला मी कधीच सांगितलं नाही." त्याने चप्पल पाटीवर घासली. "तू येतेस, बिल्ल्याचा टक आवाज होतो, मग मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवतो. तोवर मला पाणीही गिळत नाही. हसू नकोस."

मी हसत नव्हते. चार महिने मी त्या बोर्डाला शिव्या घातल्या होत्या, आणि दाराआड एक माणूस हातात पातेलं घेऊन टक आवाजाची वाट बघत उभा असायचा. मला रडू आलं. चांगलं हुंदका येऊन आलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का ते बघितलं, आणि दिला.

"तू कुठे आहेस ते मला माहीत असलं पाहिजे," तो म्हणाला. "फक्त मला. तिथे काय करतेस, ते नको."

"आणि आईंना?"

तो उठला, खिळ्याकडे बोट केलं. "तूच काढ. मी हात लावणार नाही."

आम्ही चालत घरी आलो. पोस्टमन आणि इस्त्रीवाल्या बाई आधीच परतल्या होत्या, कालवा कोरडा निघाला होता. सासूबाई हेल्मेट सरळ करून, पेन उघडून बसल्या.

"बिल्ला कुठे मिळाला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत या माणसाने रजिस्टरमध्ये एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. कारखान्याचे मालक एकदा तपासणीच्या दिवशी हात जोडून उभे होते, तरी लिहिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

"शाळेच्या भिंतीपाशी," तो म्हणाला. "गवतात."

"गवतात," सासूबाईंनी लिहिलं. "कर सही."

त्याने सही केली. मी बोर्डापाशी गेले आणि सात नंबर अडकवला. टक.

"सापडली!" सासूबाई ओरडल्या, आणि एक आखूड शिट्टी फुंकली. इस्त्रीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमननी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"बरं झालं हो," ते मला म्हणाले. "तुम्हाला केवढी काळजी लागली असेल."

नवरा तोवर स्वयंपाकघरात गेला होता. पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परमिट नेहमीच्या जागी होतं. मार्ग तोच, घर, इस्त्री, दूधकेंद्र, भिंत, कालवा. वेळ चाळीस मिनिटं. कुत्री, पालापाचोळा, झाकण, मोटार, सगळे धोके जागच्या जागी. शेवटी 'ओळखीचा इसम'. त्याच्यासमोर उपायाच्या रकान्यात त्याने बारीक अक्षरात नवीन ओळ लिहिली होती. 'पंचवीस मिनिटे लांब ठेवावा. यात नवराही आला.'

मी सही केली. सात नंबर काढून खिशात घातला.

"चक्कर, मळमळ?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"झोप?"

"झाली."

"कुणाशी भांडण?"

"नाही."

त्यांनी हेल्मेट मागे सरकवून माझ्याकडे नीट बघितलं. मग मुलाकडे. "लिही रे," त्या म्हणाल्या, "नाही." आणि तो लिहायला लागला.